नारिंगी कोटातलं पाकीट

सॉमिल बे गावात कुणाचं घड्याळ बंद पडलं तर ते अर्विद लँपिनेनच्या गाडीवर लावून घेत. हिवाळ्यात पहाटे पावणेपाचला त्याची बर्फ सारणारी पिवळी गाडी चर्चच्या वळणावर आली म्हणजे आलीच. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. "अर्विदला सांगितलंय ना? मग झालं म्हणून समजा," असं गाव म्हणायचं. माणूस अबोल, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेला. शनिवारी सौनात, वाफेच्या खोलीत, बसून घाम गाळायचा आणि शुक्रवारी बारमध्ये तळलेले मासे खायचे, एवढीच काय ती चैन. पण दिला शब्द पाळायचा. गावात त्याची पत होती ती त्या एका गोष्टीवर, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही तेवढ्या एकाच गोष्टीचा अभिमान होता.

आणि अशा माणसाच्या हातून हे व्हावं! दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर गाव चार दिवस हसलं असतं आणि विसरून गेलं असतं.

वेंडेल हॉस्किंग हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. लोखंडाच्या खाणीत कामाला, तोंडाचा फटकळ, मनाने लोणी. पहिलं लग्न मोडून बारा वर्षं झाली होती. पन्नाशी उलटल्यावर त्याला शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करणारी कार्लीन बोड्री भेटली आणि गडी पुन्हा बोहल्यावर चढायला निघाला. पण कार्लीन पडली कॅथलिक. तिच्या चर्चचे फादर म्हणाले, "आधी याचं पहिलं लग्न चर्चने रद्द करायला हवं. अर्ज करा, साक्षी द्या, वर्ष-दोन वर्षं लागतील." वेंडेलचं डोकंच फिरलं. तो तडक अर्विदच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"अर्विद, तुला पाद्री व्हायचंय."

"प्यायलायस का?"

"अजून नाही. लायब्ररीत कॉम्प्युटर आहे. नाव-गाव लिहायचं, बटण दाबायचं, दहा मिनिटांत पाद्री. फुकट! सगळीकडे लोक हेच करतात हल्ली. मित्राने लग्न लावायचं."

"अरे, मी चर्चमध्ये शेवटचा गेलो तो आईच्या मयतीला."

"म्हणून तर! तुझी आणि देवाची भांडणं नसणार. ओळखच नाही."

अर्विदने पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी दोघं लायब्ररीत गेले. छापील प्रमाणपत्र बाहेर आलं, त्यावर 'रेव्हरंड अर्विद लँपिनेन' असं ठसठशीत अक्षरात लिहिलेलं. लायब्ररीतल्या बाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. त्या दिवसापासून अर्विद बारमध्ये शिरला की आरोळी उठायची, "या पाद्रीबुवा! माझी पापं धुता का? पाणी कमी पडेल हो!" अर्विद लाल व्हायचा. पण आतून त्याला गंमत वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला गाडीवरून खाली उतरवून माणसांत उभं केलं होतं.

लग्न ठरलं चौदा नोव्हेंबरला, जंगलातल्या शिकारीच्या झोपडीवर. पंधरा तारखेला हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी या भागात कुणी मेलं तरी मयतीला पुरुष मिळत नाहीत, लग्नाला कुठून येणार? आदल्या दिवशी सगळे झोपडीवर असणारच, तर तिथेच उरकून टाकू, असं वेंडेलचं म्हणणं. कार्लीन म्हणाली, "चालेल. पण त्या दिवशी मी चूल पेटवणार नाही, सांगून ठेवते." चर्चच्या बायकांनी मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पॅस्टी भाजून पाठवल्या.

अर्विदने रस्तेखात्याच्या एका फॉर्मच्या मागे चार ओळी लिहून आणल्या होत्या. सूट आईच्या मयतीचाच. पहिल्या शब्दाला अडखळला, पण आवाज लागला. "तुम्हाला दोघांना मी काय शिकवणार," तो म्हणाला, "मला रस्ता मोकळा करता येतो, तेवढा मी केला. चालायचं तुम्ही." कार्लीन रडली. वेंडेल नाक शिंकरत म्हणाला, "धूर झालाय चुलीचा." दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, पाद्रीबुवांनी सही केली, आणि कार्लीनने ते लग्नाचं लायसन एका पाकिटात घातलं. बाई कामाची चोख. पाकिटावर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसचा पत्ता आधीच लिहिलेला, तिकीट चिकटवलेलं.

"अर्विद, दहा दिवसांच्या आत हे पोचायला हवं. त्यांनी नोंद केली की झालं. चर्चचा कागद काही मला मिळायचा नाही, निदान सरकारचा तरी असू दे. तुझ्याकडेच देते. वेंडेलकडे दिलं तर तो यात मासे गुंडाळेल."

"माझ्याकडे दिलंस म्हणजे पोचलं समज," अर्विद म्हणाला. बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. त्याने सुटावरून शिकारीचा नारिंगी कोट चढवला आणि पाकीट आतल्या खिशात, छातीशी, जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याने आठ टोकांच्या शिंगांचं हरण मारलं. जन्मात एवढं मोठं जनावर त्याला मिळालं नव्हतं. फोटो काय, पाठीवर थापा काय, सोलणं, वाटे घालणं, सगळ्या गदारोळात पंधरवडा कसा गेला कळलं नाही. हंगाम संपला तसे सगळ्यांनी कोट झोपडीतल्या खिळ्यांना टांगले आणि कुलूप लावलं. शिकारीचा कोट घरी न्यायचा नसतो. घरच्या साबणाचा, तळणाचा वास कपड्यांना लागला तर हरणाला मैलभरावरून कळतं. कोट वर्षभर झोपडीतच, भिंतीशी.

नाताळच्या सुमाराला वेंडेलने सहज विचारलं, "काय रे, ते पाकीट पोचवलंस ना?"

"पोचवलं रे!" अर्विद म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, बरं का. त्याला खरंच तसं वाटत होतं. जी कामं आपण हमखास करतो, ती केली की नाही हे कोण तपासतं?

पुढच्या वर्षी पंधरा नोव्हेंबरला, उजाडायच्या आत, त्याने खिळ्यावरून कोट काढला, अंगात घातला आणि काडेपेटीसाठी आतल्या खिशात हात घातला. हाताला पाकीट लागलं.

वेंडेल चुलीशी अंडी तळत होता. त्याने मान वळवली. "काय झालं? भूत बघितलंस काय? तोंड बघ कसं झालंय पिठासारखं."

तिथल्या तिथे सांगून टाकायचं. दोन वाक्यांचं काम! वेंडेलने दोन शिव्या हासडल्या असत्या, सगळ्या झोपडीने वर्षभर टिंगल केली असती, आणि पाकीट पोचलं असतं. पण अर्विदची दातखीळ बसली. अर्विद लँपिनेन विसरला! दहा दिवसांचं काम वर्षभर खिशात! 'आणि कायदा काय म्हणेल? लग्न झालंच नाही असं म्हणेल?' "काही नाही," तो म्हणाला, "पाठीत लचक भरली." आणि पाकीट होतं तिथेच ठेवलं.

हंगाम झाला की गुपचूप टाकू, असं त्याने ठरवलं. मग वाटलं, वर्ष उलटलेलं पाकीट ऑफिसात गेलं तर चौकशी होईल, वेंडेलला फोन जाईल. मग वाटलं, आधी कुणा वकिलाला विचारू. पण विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं आलं. आज नको उद्या, उद्या नको परवा. कार्लीनने या वयात नाव काही बदललं नाही, कागद कुणी मागितला नाही, संसार सुरळीत चालला. हळूहळू अर्विदने स्वतःची समजूत घातली की कागदाने काय होतं, लग्न तर लागलंय. पण समजूत घालणं वेगळं आणि पटणं वेगळं. दहा वर्षं दर नोव्हेंबरात त्याने तो कोट घातला आणि दर वेळी ते पाकीट त्याच्या छातीला टोचत राहिलं. नेमही गेला. हरीण पन्नास पावलांवर उभं असायचं आणि याची गोळी झाडात. "पाद्रीबुवांना दया आली!" मंडळी हसायची. गावात आणखी दोघा-तिघांनी त्याला लग्न लावायला बोलावलं, तेव्हा तो साफ नाही म्हणाला. लोकांना वाटलं, केवढा विनम्र माणूस! ते ऐकून तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

या वर्षी एप्रिलमध्ये वेंडेल गेला. अंगणातलं बर्फ ओढता ओढता खाली बसला तो उठलाच नाही. कार्लीनने अर्विदचे दोन्ही हात धरले. "तू आमचं लग्न लावलंस. तूच त्याला निरोप दे." अर्विदने दिला. छान बोलला म्हणे. त्याला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. शवपेटीशी उभा राहून तो एवढाच विचार करत होता की आता याला सांगायचं राहूनच गेलं.

त्यानंतर तो कार्लीनची सगळी कामं करू लागला. छप्पर शाकारलं, पन्हळी साफ केल्या. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! ती म्हणायची, "किती करतोस रे!" आणि हा मान खाली घालून आणखी एक काम शोधायचा.

सप्टेंबरात एके सकाळी तो तिच्या परसात हिवाळ्याची लाकडं रचत होता. कार्लीन कॉफीचे दोन कप घेऊन पायरीवर आली. कप घेताना अर्विदचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. अंगठी नव्हती.

"फेकून नाही दिली," ती म्हणाली, "पिठाच्या डब्यात टाकलीय. मला ती बघवत नाही."

"का गं?"

"त्याने मला फसवलं, अर्विद. मे महिन्यात मी खाणीच्या ऑफिसात गेले, विधवेच्या पेन्शनसाठी. ते म्हणाले लग्नाचा दाखला आणा. काउंटी ऑफिसात गेले, तर नोंदच नाही! तीनदा बघायला लावलं. नाही म्हणजे नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचं पहिलं लग्न कागदोपत्री मोडलंच नसणार. म्हणून त्या फादरांच्या चौकशीला घाबरला, म्हणून जंगलात लग्न, म्हणून सगळी घाई. नंतर जाऊन त्यानेच कागद परत घेतला असणार. अकरा वर्षं त्याच्या भाकऱ्या थापल्या, आणि मी त्याची कोण? कोणीच नाही! थडग्याच्या दगडावर त्याच्या शेजारी माझं नाव कोरायचं होतं. दगड कोरणाऱ्याला सांगून आले, नको कोरू."

अर्विदने कप पायरीवर ठेवला. आता बोल. आता तरी बोल, गाढवा. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते काय? "लाकडं ओली आहेत जरा. वरच्या बाजूला ठेवतो." त्याने खरंच ती वर ठेवली, गाडीत बसला आणि निघून आला. वळणावर गाडी थांबवून तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती. मेलेला मित्र बायकोच्या नजरेत चोर ठरला होता, आणि खरा चोर तिच्या अंगणात लाकडं रचत होता.

तिथूनच तो झोपडीवर गेला. हंगामाला दोन महिने होते. कुलूप काढलं, कोट खिळ्यावरून उतरवला, पाकीट काढलं. कोपरे मऊ पडले होते, पण तिकीट जागेवर होतं.

काउंटी ऑफिसात खिडकीमागे डोरीन बसते. अर्विदच्या वर्गातली. तिने पाकीट उघडलं, कागद बघितला, चष्म्यावरून अर्विदकडे बघितलं आणि तारीख पुन्हा वाचली.

"हे आता चालतं का?" त्याने विचारलं.

"चालतं. उशीर झाला म्हणून लग्न मोडत नाही रे बाबा. ज्याने लग्न लावलं त्याने उशीर का झाला ते शपथेवर लिहून द्यायचं. हा घे फॉर्म. चार मिनिटांचं काम."

चार मिनिटं! अर्विद फॉर्मकडे बघत राहिला. दहा वर्षं ज्याला भ्यायला, ते चार मिनिटांचं काम होतं.

डोरीनने इकडेतिकडे बघून आवाज खाली केला. "ऐक. मी डिसेंबरात निवृत्त होतेय. कार्लीनला सांगते, आमच्याकडे कपाटामागे पडलं होतं, आवराआवरीत सापडलं. लोक आम्हाला शिव्या देतातच, त्यात आणखी एक. तुझं नाव कशाला खराब करायचं?"

हेच तर मागायला तो आला होता. गाडीत वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. तो 'हो' म्हणणार तेवढ्यात डोरीनच पुढे म्हणाली, "मीच वेडी. मेमध्ये कार्लीन आली तेव्हा तिला तीनदा सांगितलं होतं, अगं, ज्याने लग्न लावलं त्याला विचार, तो टाकायला विसरला असेल. तर अंगावरच आली माझ्या! म्हणाली, 'अर्विदला काय विचारायचं? तो विसरणारा माणूस आहे का?'"

अर्विदने खिडकीच्या कठड्याला हात टेकला. कार्लीनने नवऱ्यावर संशय घेतला. अकरा वर्षांच्या नवऱ्यावर! पण अर्विदवर नाही घेतला.

"नको," तो म्हणाला. "कपाटामागे नको. पेन दे."

उशीर का झाला, त्या रकान्यात त्याने लिहिलं: 'विसरलो. एका वर्षाने सापडलं. लाजेपायी लपवलं.' खाली सही करताना पदाच्या जागी 'रेव्हरंड' लिहायचं होतं. ते लिहिताना त्याचा हात दोनदा थांबला. डोरीनने शिक्का मारला, दाखल्याची एक प्रत करून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

कार्लीन स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. अर्विदने प्रत टेबलावर ठेवली. बसला नाही. सगळं उभ्याउभ्या सांगितलं. कोट, हरीण, खिळा, पाकीट, पाठीतली लचक, काहीही वगळलं नाही. ऐकता ऐकता तिची सुरी थांबली होती.

"वेंडेलला माहीत होतं?"

"नाही. त्याने विचारलं होतं एकदा. मी म्हणालो, पोचवलं."

"दहा वर्षं तुला माहीत होतं."

"हो."

"आणि आज सकाळी? मी पायरीवर तुला सांगत होते, तेव्हा?"

"तेव्हाही."

कार्लीन उठली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मेपासून मी त्याच्या थडग्यावर पाऊल ठेवलं नाही. एक फूल नाही. इथे, या ओट्याशी उभी राहून मी त्याला शिव्या घातल्यात, अर्विद. रोज. मेलेल्या माणसाला! तो बिचारा उत्तर तरी कुठून देणार होता? उत्तर तुझ्याकडे होतं. आणि तू माझ्या पन्हळी साफ करत होतास!"

"मला माफ—"

"गप. आत्ता ते नको. माझ्याकडे आत्ता ते नाहीये."

तिने पिठाचा डबा काढला, कोपरापर्यंत हात घातला आणि अंगठी शोधली. पीठ पुसलं. बोट सुजल्यामुळे जाईना, तशी नळाखाली साबण लावून घातली. मग स्वतःचा कोट अंगात घालून दाराशी गेली. "गाडी काढ."

स्मशानभूमीत वेंडेलच्या दगडावर डाव्या बाजूला त्याचं नाव होतं, उजवी बाजू कोरी. भोवती गवत माजलं होतं. अर्विद गाडीतच थांबणार होता, पण तिने दार उघडून धरलं.

"आधी तू. तू पाद्री आहेस ना आमचा? एप्रिलमध्ये एवढं बोललास. आता बोल."

अर्विद उतरला. दगडासमोर जाऊन टोपी काढली. एप्रिलमध्ये साठ माणसांसमोर त्याला शब्द सापडले होते, आता एकीसमोर सापडेनात. मागे कार्लीन उभी होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"पोचवलं रे, वेंडेल," तो शेवटी म्हणाला. "आज पोचवलं."

कार्लीन पुढे आली. "सरक आता," ती म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गवत उपटू लागली. अर्विदही वाकला, तशी ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "नाही. हे काम माझं आहे." तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला.